तुम्ही विचारलंत : पटावरच्या गव्हाचा आकडा

मागच्या अंकात एका वाचकांनी बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाची गोष्ट विचारली होती, म्हणजे पहिल्या घरात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, असं दुप्पट करत करत ६४ घरं भरली तर एकूण दाणे किती. मी उत्तरात नुसता आकडा दिला, १८४४६७४४०७३७०९५५१६१५, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेल आलेत की या महिन्यात दुसरं काही घेतच नाहीये, अख्खं सदर या एकाच आकड्याला. मला तर आनंदच झाला. गोष्ट सगळ्यांना माहीत असते, आकडा ऐकून "बाप रे" म्हणतात आणि तिथेच सोडतात, पण हा आकडा नुसता मोठा नाहीये हो, हा पेन्सिल-कागद घेऊन आतून उघडता येतो, आणि वीस अंकी आकडे सहसा असे उघडत नाहीत.

ताई, हा आकडा वाचायचा कसा? आमच्या घरी अब्जाच्या पुढे कोणालाच जाता आलं नाही. (एक वाचक, सांगली)

आधी स्वल्पविराम टाकून घ्या म्हणजे डोळे फिरणार नाहीत : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. रोजच्या बोलण्यातल्या शब्दांत वाचायचा तर मागून सात-सात अंकांचे गट करा आणि कोटीवर कोटी चढवा. एक लाख चौऱ्याऐंशी हजार चारशे सदुसष्ट कोटी कोटी, चव्वेचाळीस लाख सात हजार तीनशे सत्तर कोटी, पंचाण्णव लाख एक्कावन्न हजार सहाशे पंधरा. झालं वाचून.

पण आपल्याकडे याहून छान सोय आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत सुरुवातीलाच दहापटीने वाढणाऱ्या जागांची नावं श्लोकात दिलीत : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अशी अठरा नावं आहेत, परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. आपला आकडा वीस अंकी, म्हणजे तो या यादीच्याही दोन घरं पुढे जातो, म्हणून शेवटच्या नावातच जास्तीचे अंक बसवायचे : १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, निखर्वाला शून्य, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, कोटीला शून्य, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, १ दश आणि ५. मोठ्याने म्हणून बघा एकदा. माझ्या नातीला आता पाठ झालंय आणि ती पाहुण्यांना म्हणून दाखवते.

गहू किती होईल ते किलोत सांगा ना, दाण्यांत काही कळत नाही. (गृहिणी, चिपळूण)

बरोबर आहे तुमचं. मी घरातलाच लोकवन गहू घेतला, १००० दाणे मोजले (नात आणि मी, दहा-दहाच्या ढिगाऱ्या करून, मधे एकदा चुकलो मग परत पहिल्यापासून) आणि किचनच्या वजनकाट्यावर ठेवले, ४१ ग्रॅम भरले. हिशोबाला सोपं म्हणून एक दाणा ४० मिलिग्रॅम धरू.

आता पट ओळीओळीने भरत जा. पहिली ओळ, आठ घरं, २५५ दाणे, दहा ग्रॅम, दोन चमचे होतील. दुसरी ओळ संपते तेव्हा एकूण ६५,५३५ दाणे, २ किलो ६०० ग्रॅम, अजून डब्यात मावतंय. तिसरी ओळ संपली की पावणेसात क्विंटलच्या आसपास, आता पोती लागली. चौथी ओळ, म्हणजे अर्धा पट, ४,२९,४९,६७,२९५ दाणे, १७२ टन, दहा टनी सतरा-अठरा ट्रक. इथपर्यंत मार्केट यार्डात रोज दिसणारं दृश्य आहे, घाबरण्यासारखं काही नाही. आणि इथून पुढे ३३ व्या एकट्या घरात आतापर्यंतच्या सगळ्या दाण्यांहून एक दाणा जास्त. हे प्रत्येक घराचं असंच असतं, मागच्या सगळ्यांची बेरीज अधिक १, त्यामुळे ६४ वं घर एकटंच अख्ख्या पटाच्या अर्ध्याहून किंचित जास्त आहे.

पूर्ण पटाचे होतात साधारण ७३,७८७ कोटी टन. जगभरात हल्ली वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो, म्हणजे सगळ्या जगाने नऊशेहून जास्त वर्षं पिकवायचा आणि एक पोळीही खायची नाही.

हा आकडा कॅलक्युलेटर नसताना कोणी आणि कसा काढला? मी नववीत आहे, ६४ वेळा दुप्पट करताना मी ४० च्या आसपास चुकतो. (विद्यार्थी, लातूर)

तू ४० पर्यंत गेलास हेच मोठं काम आहे बाळा. पण ६४ वेळा दुप्पट करायची गरजच नाही.

पहिली गोष्ट, बेरीज. समज एकूण दाणे "ए" आहेत. सगळा ढीग दुप्पट केला तर काय होईल, १ चे २ होतील, २ चे ४, ४ चे ८, म्हणजे प्रत्येक घराचा ढीग पुढच्या घरात सरकला, पहिलं घर रिकामं झालं आणि पटाबाहेर ६५ वं घर तयार झालं ज्यात २^६४ दाणे (२^६४ म्हणजे ६४ वेळा २ घेऊन केलेला गुणाकार). म्हणून दुप्पट ढीग वजा मूळ ढीग = २^६४ − १. आणि दुप्पट वजा एकपट म्हणजे "ए"च की. बेरीज न करता बेरीज झाली.

दुसरी गोष्ट, २^६४ काढायचा. इथे वर्ग करत जा, २ चा वर्ग ४, ४ चा १६, १६ चा २५६, २५६ चा ६५,५३६, त्याचा ४,२९,४९,६७,२९६, आणि त्याचा वर्ग १८४४६७४४०७३७०९५५१६१६. फक्त सहा वर्ग, त्यातले पहिले तीन तर तोंडी. शेवटचा मात्र दहा अंकी आकड्याचा वर्ग आहे, त्याला शांत बसून पान भरावं लागतं. मग १ वजा.

ही युक्ती फार जुनी आहे. अल्-बिरुनी या विद्वानाने इ.स. १००० च्या आसपास कालगणनेवरच्या त्याच्या ग्रंथात नेमका हाच आकडा काढलाय आणि तोही असेच वर्ग करत. एका हिंदी विद्वानाने, सिस्सा त्याचं नाव, राजाकडे हे दाणे मागितले ही गोष्ट इब्न खल्लिकान या तेराव्या शतकातल्या अरबी चरित्रकाराने लिहून ठेवली आहे.

आणि आपल्या लीलावतीत तर रीतच दिली आहे, पदसंख्या सम असेल तर निम्मी करायची आणि "वर्ग" लिहायचं, विषम असेल तर १ कमी करून "गुण" लिहायचं, असं शून्यापर्यंत जायचं आणि मग उलट्या क्रमाने करत यायचं. ६४ ला हे लावून बघ, ६४, ३२, १६, ८, ४, २, १, सहा वेळा "वर्ग" आणि शेवटी एकदा "गुण". त्याच ठिकाणी उदाहरण आहे, एका दात्याने पहिल्या दिवशी २ कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देत गेला तर महिन्यात किती निष्क दिले? ३० दिवसांचं उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या. २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क, तर होतात १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. मी स्वतः भागाकार करून पाहिलाय, कवडीचाही फरक नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याबद्दलचा. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी तिथल्या पोरांनी हे कवड्यांचं गणित पाटीवर सोडवलं असणार असं मला अगदी मनापासून वाटतं.

एक्सेलमध्ये =२^६४-१ टाकलं तर मला १८४४६७४४०७३७०९६००००० मिळतंय. तुमचा आकडा चुकला की एक्सेल? (अकाउंटंट, डोंबिवली)

आकडा बरोबर आहे. एक्सेल १५ अंकांपर्यंतच दाखवतं, पुढचे अंक शून्य करून टाकतं. आतमध्येसुद्धा तो आकडा पूर्ण साठवलेला नसतो, त्याच्या साठवायच्या पद्धतीत २^५३ म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत प्रत्येक पूर्णांक नीट बसतो, त्यापुढे आकड्यांमध्ये गाळलेल्या जागा पडायला लागतात आणि आपल्या आकड्याच्या खालच्या भागात तर शेजारशेजारच्या दोन आकड्यांत २०४८ चं अंतर असतं. त्यामुळे १ वजा केल्याचं त्याला कळतच नाही, २^६४ आणि २^६४ − १ त्याच्या लेखी एकच. तुम्ही अकाउंटंट आहात म्हणून आवर्जून सांगते, सोळा अंकी कार्ड नंबर किंवा लांब खाते नंबर एक्सेलमध्ये टाकताना सेल आधी टेक्स्ट करून घ्या, नाहीतर याच कारणाने शेवटचे अंक उडतात.

याच धर्तीवर न्यू जर्सीहून एका सॉफ्टवेअरवाल्या दादांनी लिहिलंय की हा आकडा त्यांना गव्हामुळे नाही तर कामामुळे पाठ आहे. हो, कारण कॉम्प्युटरच्या ६४ बिटांमध्ये (बिट म्हणजे ० किंवा १ ठेवायची एक जागा) मावणारा सगळ्यात मोठा पूर्णांक हाच, बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिला तर ६४ वेळा १ एका ओळीत. एकेक बिट म्हणजे पटाचं एकेक घर. त्यात अजून १ मिळवला की जुन्या स्कूटरच्या मीटरसारखं सगळं शून्यावर येतं. आणि वर ते कवड्यांचं उत्तर आलं ना, २१४७४८३६४६, त्यात १ मिळवा, ३२ बिटांत ऋण-धन दोन्ही आकडे ठेवायचे असतील तर ती वरची मर्यादा, २०१४ मध्ये यूट्यूबवर एका कोरियन गाण्याच्या व्ह्यूजनी ती ओलांडली आणि त्यांना मोजणी ६४ बिटांवर न्यावी लागली.

५ ने भाग जातो हे दिसतंय. बाकी याचे अवयव कोणते? रिटायर झाल्यावर वेळ आहे, हाताने काढता येतील का? (एक वाचक, नागपूर)

येतील आणि काका, तुम्ही नेमका तोच प्रश्न विचारलात ज्याची मी वाट बघत होते.

आधी साधं उदाहरण घ्या, ९९९९९९९९, आठ नऊ. हे ९९९९ × १०००१ आहे, कारण ९९९९ एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे ठेवला की झालं. आपला आकडा बायनरीत ६४ एक आहे, तो तसाच ३२-३२ मध्ये मधोमध तुटतो. म्हणजे शाळेतलं वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र, २^६४ − १ = (२^३२ − १)(२^३२ + १). आता (२^३२ − १) परत तसाच तुटतो, १६-१६ मध्ये, मग ८-८, ४-४, २-२, १-१. ६४ हा स्वतःच २ चा घात असल्यामुळे हे शेवटपर्यंत कुठे अडत नाही. हातात उरतं ते असं :

(२ + १)(४ + १)(१६ + १)(२५६ + १)(६५५३६ + १)(४२९४९६७२९६ + १)

म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७. वीस अंकी आकडा आणि भागाकार एकही केला नाही!

या सहा जणांना फर्माच्या संख्या म्हणतात. फ्रान्सच्या पिएर द फर्माने १६४० च्या सुमारास पत्रांतून लिहिलं होतं की असल्या, म्हणजे २ पासून वर्ग करत जाऊन १ मिळवलेल्या, सगळ्या संख्या मूळ असाव्यात. पहिल्या पाच आहेतच, ३, ५, १७, २५७, ६५५३७. सहावी, ४२९४९६७२९७, तिच्यावर जवळपास शंभर वर्षं कोणाचा हात पोचला नाही. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने दाखवलं की ती ६४१ × ६७००४१७ आहे. गुणाकार करून बघा, ६७००४१७ × ६०० = ४०२०२५०२०० आणि ६७००४१७ × ४१ = २७४७१७०९७, बेरीज बरोब्बर ४२९४९६७२९७.

तर पूर्ण उत्तर : ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. सात मूळ अवयव, एकही दोनदा नाही. विभाजक किती म्हणाल तर प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा नाही घ्यायचा, दोन-दोन पर्याय सात वेळा, १२८. इथेही दुपटीच निघाल्या बघा.

यातल्या पहिल्या पाच फर्मा संख्यांचा गुणाकार ४२९४९६७२९५, म्हणजे अर्ध्या पटाचे दाणे. गाउस या जर्मन गणितज्ञाने १७९६ मध्ये, वय वर्षं अठरा, दाखवलं की १७ बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासने काढता येतो, आणि त्याच विचाराने पुढे गेलं की विषम बाजूंचे जे बहुभुज असे काढता येतात हे आज माहीत आहे ते फक्त ३१, त्यातला सगळ्यात मोठा ४२९४९६७२९५ बाजूंचा. गव्हाचे दाणे मोजता मोजता आपण भूमितीच्या पेटीपर्यंत आलो.

ऑयलरला ६४१ सापडला कसा? एकेक मूळ संख्या घेऊन भागत बसला का? (कॉलेज विद्यार्थिनी, पुणे)

नाही ग. त्याने आधी सिद्ध केलं की २^३२ + १ चा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवून मिळणारा असला पाहिजे. मग ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ एवढेच बघायचे, त्यात मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला सापडला. पुढे १८७८ मध्ये एदुआर ल्युका नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की ६४ नाही, १२८ च्या पटीत १ मिळवलेला पाहिजे, मग तर उरतात २५७ आणि ६४१, आणि २५७ ही स्वतः फर्मा संख्या असल्यामुळे बाद, कारण कुठल्याही दोन फर्मा संख्यांना १ सोडून सामाईक विभाजक नसतो. म्हणजे पहिलाच भागाकार ६४१ चा!

आणि भागाकार न करताही हे पटवून घेता येतं, हे मला सगळ्यात जास्त आवडतं म्हणून सावकाश लिहिते. ६४१ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ६४० + १, म्हणजे ५ × २^७ + १. दोन, ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४. आता ६४१ ने भागून फक्त बाकी बघायची आहे असं धर. पहिल्यावरून ५ × २^७ हे −१ सारखं वागतं. चौथा घात कर, ५^४ × २^२८ हे +१ सारखं वागेल. दुसऱ्यावरून ५^४ हे −२^४ सारखं वागतं. ते तिथे ठेव, −२^४ × २^२८, म्हणजे −२^३२ हे +१ सारखं वागतं. म्हणून २^३२ + १ ची बाकी शून्य. चार ओळी आणि दहा अंकी आकडा फुटला. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तीनदा लिहून काढलं होतं, विश्वासच बसत नव्हता.

तू विचारशील ६७००४१७ मूळ कशावरून? त्याचं वर्गमूळ २५८८ च्या जवळ, आणि त्याचा विभाजक हा २^३२ + १ चाही विभाजक होणार, म्हणजे ल्युकाचा नियम लागू. १२८ च्या पटीत १ मिळवून २५८८ च्या आत मूळ संख्या येतात २५७ (बाद), ६४१, ७६९, ११५३, १४०९, बस. ६४१ ने भागलं तर बाकी ४४, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४, १४०९ ने ६२२. चार भागाकारांत सिद्ध झालं.

फर्माचा अंदाज मात्र पारच फसला. या सहाव्यापासून पुढच्या ओळीने २८ फर्मा संख्या तपासून झाल्यात, एकही मूळ नाही, आणि त्याच्याही पुढे आजवर एकही मूळ सापडलेली नाही.

काशीला एका देवळात ६४ सोन्याच्या चकत्या पुजारी हलवत असतात आणि तुमच्या आकड्याएवढ्या वेळा हलवल्या की जग संपणार असं वाचलं. खरंय का? (एक वाचक, कोल्हापूर)

असा मनोरा काशीत नाही. ही गोष्ट फ्रान्समधली आहे आणि ती पसरली एका खेळण्याबरोबर, हनोईचा मनोरा, १८८३ मध्ये बाजारात आलेलं, "क्लॉस" अशा टोपणनावाने. टोपणनावामागचा माणूस म्हणजे वरचाच एदुआर ल्युका, त्याच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून केलेलं. मला फार भावतं हे, एकच माणूस २^३२ + १ च्या विभाजकांचा नियमही शोधतो आणि मुलांना खेळायला हे लाकडी खेळणंही देतो.

आकडा मात्र खरा आहे. तीन खुंट्या, एकावर मोठी खाली लहान वर अशा चकत्या, एका वेळी एकच उचलायची आणि मोठी कधी लहानीवर ठेवायची नाही. सगळ्यात खालची हलवायची तर आधी वरच्या सगळ्या बाजूला न्या, मग ती हलवा, मग वरच्या सगळ्या परत तिच्यावर आणा, म्हणजे आधीच्या दुप्पट अधिक १. १, ३, ७, १५, ३१... ६४ चकत्यांना १८४४६७४४०७३७०९५५१६१५. सेकंदाला एक हलवली आणि एकदाही चुकले नाहीत तरी ५८,४५४ कोटी वर्षं. विश्वाचं वय शास्त्रज्ञ १३८० कोटी वर्षं सांगतात, त्याच्या बेचाळीस पट. घरी वाट्यांच्या सेटवर करून बघा, पाच वाट्यांना ३१ वेळा हलवावं लागतं, मुलं तासभर शांत बसतात.

आपल्या कापरेकर सरांच्या पद्धतीची ही संख्या आहे का? (शिक्षक, नाशिक)

छान आठवण काढलीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, द. रा. कापरेकर (१९०५–१९८६), देवळालीचे शाळामास्तर, यांनी आकड्यांचे असे गुण शोधले की जगभर त्यांचं नाव लागलं. कापरेकर संख्या म्हणजे जिचा वर्ग करून दोन तुकडे केले आणि मिळवले की तीच परत येते. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ + २०९ = २९७. ७०३ चा ४९४२०९, ४९४ + २०९ = ७०३.

आता आपल्या वीस अंकी आकड्याचा वर्ग करायचा म्हणजे एकोणचाळीस अंक, आणि तुकडे कुठे पाडायचे तेही बघायचं. पण सर, गरज नाही. ९ ने भागताना दहाचा कुठलाही घात १ सारखा वागतो, त्यामुळे तुकडे कुठेही पाडले तरी त्यांच्या बेरजेची ९ ने येणारी बाकी वर्गाच्या बाकीइतकीच. म्हणजे कापरेकर संख्येची आणि तिच्या वर्गाची बाकी एकच हवी, आणि ० ते ८ तपासलं तर हे फक्त ० आणि १ ला जमतं. आपल्या आकड्याच्या अंकांची बेरीज ८७, मग १५, मग ६. बाकी ६ आणि ६ च्या वर्गाची बाकी ०. जमत नाही. म्हणून ही कापरेकर संख्या नाही, एकोणचाळीसातला एकही अंक न काढता. तुमच्या वर्गात ही बाकीची तपासणी मुलांकडून ४५, ५५, ९९ वर करून घ्या, सगळ्यांची ० किंवा १ येते.

ताई, या आकड्याच्या शेजारी कोण राहतं? (इयत्ता सहावी, रत्नागिरी)

किती गोड प्रश्न विचारलास! खालच्या बाजूला गेलास तर सगळ्यात जवळची मूळ संख्या आहे १८४४६७४४०७३७०९५५१५५७, आपल्यापासून ५८ घरं लांब. वरच्या बाजूचा पहिला शेजारी १८४४६७४४०७३७०९५५१६१६, तो नुसता दोनाने बनलेला, ६४ वेळा २, दुसरं काही नाही.

आणि त्याच्या पलीकडचा, १८४४६७४४०७३७०९५५१६१७, ही फर्माची पुढची संख्या. तुझ्या-माझ्या आकड्यापेक्षा फक्त २ ने मोठी, पण आपला आकडा सूत्राने पटापट तुटला तसा हा तुटत नाही. ऑयलरने मागची संख्या फोडल्यावर या शेजाऱ्याला शंभराहून जास्त वर्षं लागली. १८८० मध्ये फ्रान्समध्ये लांद्री नावाच्या आजोबांनी फोडला, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते आणि कॉम्प्युटर तर सोड, कॅलक्युलेटरसुद्धा नव्हता. त्यांचं उत्तर २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. उन्हाळ्याच्या सुट्टीत हा गुणाकार चौकटीच्या वहीत कर, एका चौकोनात एक अंक, म्हणजे हातचे इकडेतिकडे जाणार नाहीत, आणि शेवटी ...५५१६१७ आलं की मला पत्र पाठव.